साठ झाले की पुरे

त्या दिवशी सव्वापाच झाले तरी जितेश आला नव्हता. पाच म्हणजे पाच, ही सवय मीच त्याला लावली होती, आणि तो गावात असला की ती कधी मोडत नसे. मसोलीच्या घराच्या व्हरांड्यात माझी खुर्ची, शेजारच्या स्टुलावर वही आणि पेन्सिल, अंगणापलीकडे ती भिंत... सगळं आपापल्या जागी होतं. साडेपाचला फाटकाशी मोटरसायकल थांबली. धोडी सर उतरले, पण आत आले नाहीत. झरीच्या शाळेत ते क्रीडाशिक्षक आणि मी इंग्रजीची शिक्षिका, अशी आमची वीस वर्षं एकत्र गेली. माझं फाटक उघडायला त्यांना कधी आमंत्रण लागलं नव्हतं. मी म्हटलं, बाहेर का उभे, या. ते हेल्मेट दोन्ही हातांत धरून तिथूनच बोलले. "बाई, जितेश बोटीवरून पडला. शोधतायत त्याला." मग म्हणाले, "दोर हातात आला होता म्हणतात. सुटला."

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर तो सापडला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

इरा, तू फोनवर मला एकच प्रश्न विचारलास. "आजी, त्याला पोहता येत होतं ना? मग कोळ्याचा मुलगा बुडतो कसा?" मी तुला म्हटलं, समुद्र खवळलेला होता. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. तू आणि अनय लहान होतात तेव्हा मी तुम्हाला सांगायचे की अर्धं उत्तर लिहिलं तर अर्धेच गुण मिळतात. मला शून्य मिळायला हवं. आता सात आठवडे झाले आहेत, आणि पूर्ण उत्तर लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे, तुमची आई वाचून दाखवील. इंग्रजीत का नाही, ते शेवटी कळेल.

जितेश हा चिखल्याच्या रमण तांडेलांचा मुलगा. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. रमणची बोट लहान, चार खलाशांची, पहाटे जाऊन दुपारपर्यंत परतणारी. आई कुसुम मासळी विकायला डहाणूच्या बाजारात बसते. बारावीनंतर जितेश बोटीवर जायचा आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या क्रिकेटच्या स्पर्धा खेळायचा. त्याचा चेंडू कुणाला दिसायचा नाही, एवढा जोरात. पण तो चेंडू टाकायचा नाही, फेकायचा. हात कोपरात वाकायचा. गावात त्याला 'फेकाड्या' म्हणायचे. २०१४ साली चिखल्याच्या किनाऱ्यावरच्या एका स्पर्धेत धोडी सर पंच होते. त्यांनी एका षटकात त्याचे सहा चेंडू नो बॉल दिले. सातव्याला जितेशने चेंडू त्यांच्या पायाशी ठेवला आणि विचारलं, "सर, मग मी काय करू? हात कापून टाकू?" सर म्हणाले, हात ठेव, खेळ बदल. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला झरीला बोलावलं. झरीच्या मुरमाड मैदानावर ते आमच्या शाळेतल्या मुलामुलींना बेसबॉल शिकवत. क्रिकेटला खेळपट्टी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती, एवढंच त्यामागचं कारण. तिथे जितेशने पहिला चेंडू फेकला आणि झेलणारी आठवीतली मुलगी हातमोजा टाकून पळाली. रमण पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगायचा, "आपल्या पोराला क्रिकेटमध्ये नो बॉल आणि बेसबॉलमध्ये नोकरी."

नोकरी हा शब्द त्याने मुद्दाम वापरलेला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संघाची माणसं मुंबईत हात शोधायला आली. ती वेग मोजायचं यंत्र घेऊन उभी राहत आणि पोरं रांगेने येऊन चेंडू फेकत. धोडी सर याला घेऊन गेले. जितेशने फेकला, त्यांनी यंत्र झटकलं, परत फेकायला सांगितला, आणि दुसऱ्या वेळी यंत्र झटकलं नाही. निवड झाली, पण पुढे मुलाखत होती, करार होता, तिकडे राहायचं होतं, आणि याचं इंग्रजी म्हणजे... एका संध्याकाळी पाच वाजता सर त्याला माझ्याकडे घेऊन आले. उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले, चपला फाटकाशीच काढलेल्या. मी इंग्रजीत म्हटलं, स्वतःबद्दल सांग. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "माय नेम इज जितेश. आय थ्रो." मी म्हटलं, वाक्य अपुरं आहे, काय फेकतोस ते सांगायला हवं. तो मराठीत म्हणाला, "बाई, ते त्यांना दिसतंच की."

तेव्हापासून रोज पाच ते सहा इंग्रजी आणि सहानंतर भिंत. अंगणाच्या टोकाला आपली कुंपणाची भिंत आहे ना, आजोबांनी बांधलेली, तिच्यावर मी गेरूने चौकोन काढला, बेसबॉलमध्ये चेंडू जेवढ्या जागेतून जावा लागतो तेवढा. माप अनयने फोनवर दिलं होतं, आठवतं का अनय? तू आठ वर्षांचा होतास आणि अगदी गंभीर आवाजात सांगत होतास की गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच आणि सतरा इंच रुंद. चेंडू आणि हातमोजा तुम्हीच पाठवलेला. साडेसाठ फूट अंतर मी टेपने मोजलं. ते बरोबर दुसऱ्या चिकूच्या झाडाशी आलं, तिथे त्याला उभं राहून फेकायला मी लाकडी फळी पुरून घेतली. माझं काम मोजायचं. धोडी सरांचा नियम होता, दिवसाला साठ. ते म्हणायचे, "बाई, खांद्यात रोजचे साठच चेंडू असतात. एकसष्टावा उद्याच्यातून चोरलेला असतो." मी प्रत्येक फेकीला वहीत रेघ मारायचे आणि साठ झाले की मोठ्याने म्हणायचे, "पुरे." शिक्षिकेचा आवाज तो, चुकूनही दोनदा म्हणावं लागलं नाही. तो हात हवेत असला तरी खाली घ्यायचा. मग हळूहळू इंग्रजीचा तासही भिंतीशीच होऊ लागला. तो फेकता फेकता क्रियापदं म्हणायचा. एकदा मी विचारलं, जाळं फेकायची सवय म्हणून हे जमतं का तुला? तो म्हणाला, "उलटं आहे, बाई. जाळं सोडायचं असतं. हा बॉल अगदी शेवटपर्यंत धरून ठेवायचा असतो."

२०१५च्या सुरुवातीला तो गेला. संघ म्हणजे तुम्ही टीव्हीवर पाहता तसला नव्हे. व्यावसायिक खेळाच्या शिडीची ती सर्वांत खालची पायरी होती. तिथे पगार असतो पण प्रेक्षक नसतात, रात्रंदिवस बसचा प्रवास, एका खोलीत चार जण. पहिल्या सामन्यात त्याने एकालाही बाद केलं नाही, सगळे चेंडू बाहेर गेले. त्याने मला लिहिलं होतं की चेंडू फेकायच्या उंचवट्यावर उभं राहिलं की बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभं असल्यासारखं वाटतं, फक्त खालचं हलत नाही आणि त्यामुळेच तोल जातो. दुसऱ्या वर्षी मात्र त्याला सूर सापडला. तुमचे आईबाबा तुम्हाला सहा तास गाडी चालवून त्याचा सामना दाखवायला घेऊन गेले, तो दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. इराच्या चेंडूवर त्याने मराठीत सही केली. कुसुमने पाठवलेले सुके बोंबील तो तुमच्याकडे घेऊन आला आणि तुमच्या इमारतीतल्या लोकांनी गॅस गळतोय म्हणून तक्रार केली. इथे त्याचे फोटो चिखल्याच्या गणपतीत लागले. बाजारात कुसुमच्या टोपलीसमोर बायका म्हणायच्या, पोऱ्या अमेरिकेत आणि तू अजून पापलेटाला घासाघीस करतेस? कुसुम म्हणायची, "तो बॉल फेकतो, पापलेट नाय फेकत. घे नायतर पुढे चल."

मग खांदा गेला. एका सामन्यात चेंडू सुटताना आतून काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. तिकडेच शस्त्रक्रिया झाली, वर्षभर व्यायाम झाले. घरी त्याने एवढंच सांगितलं की हात जरा दुखावलाय, विश्रांती दिली आहे. २०१८ संपता संपता तो परत आला आणि गावात सगळ्यांना म्हणाला, सीझन संपलाय, सुट्टीवर आलोय.

माझ्याकडे तो दुसऱ्या दिवशी आला. पाच वाजता. त्याने दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एक पत्र होतं, एकाच पानाचं, संघाने त्याला मुक्त केल्याचं. आता त्याला वाचून दाखवायला माझी गरज नव्हती, त्याचं इंग्रजी चांगलं झालं होतं. तरीही त्याने मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "बघा बाई, यात एकही वाईट शब्द नाही." दुसरा कागद तिकडच्या डॉक्टरांचा होता. त्यात लिहिलं होतं की उजव्या हातावर खांद्याच्या वर कोणताही भार येता कामा नये. झटका बसला तर खांदा निखळेल, आणि निखळला की हातात काही धरून राहणं शक्य होणार नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते पूर्ण समजलं. गेल्या सात आठवड्यांत मी स्वतःला खूप सवलती देऊन पाहिल्या, पण ही सवलत मला देता येत नाही.

त्याने मागितलं ते एवढंच, की हे कागद माझ्या कपाटात ठेवावेत आणि घरी काही सांगू नये. वडील दहा गावांत सांगत फिरतात, आई बाजारात मान वर करून बसते. धोडी सर झरीच्या शाळेत त्याला प्रशिक्षक म्हणून घ्यायची खटपट करत होते. ते पक्कं झालं की तो स्वतःच सांगणार होता, एक गेलं तरी दुसरं हातात आहे असं दाखवून. तोवर माझा शब्द हवा होता. मी शब्द दिला. मी पुठ्ठ्याची फाइल काढली, वर त्याचं नाव लिहिलं, कागद तारखेप्रमाणे लावले आणि कपाटाला कुलूप लावलं. मला आठवतं, त्या वेळी मला थोडं समाधानसुद्धा वाटलं होतं... कुणीतरी माझ्यावर इतका विश्वास टाकला याचं.

पुढचे सात-आठ महिने तो रोज आला. गावाला वाटायचं, सराव करतोय, परत बोलावणं येईल. खरं काय ते मला आणि भिंतीला माहीत होतं. पहिल्या दिवशी तो फळीवर उभा राहिला, चेंडू डाव्या हातात घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हसायचं नाही हं, बाई." चेंडू भिंतीपर्यंत पोचलाच नाही. जवळून फेकला तर कुंपणाबाहेर शेजाऱ्यांच्या वाडीत गेला. मी त्याच्यासाठी दुसरा चौकोन काढला, पहिल्याच्या डावीकडे, जरा मोठा, आणि फळी वीस फुटांवर आणली. मग तीसवर, मग चाळीसवर. नियम तोच, साठ झाले की पुरे. उन्हाळा संपेपर्यंत साठातले वीस-बावीस चौकोनात जायला लागले होते. एकदा त्याने फडताळातला डबा काढायला उजवा हात वर केला आणि तो कानाच्या वर जाईना. दुसऱ्याच क्षणी त्याने असं दाखवलं की डबा नकोच होता. मी त्याला तीनदा सांगितलं, घरी बोल. माझ्या रोजनिशीत तिन्ही नोंदी आहेत. नोंद केली की कर्तव्य झालं, असा माझा जन्मभराचा समज.

आता ती गोष्ट. रमणच्या बोटीवर एक रीत आहे, त्याच्या वडिलांपासूनची. पावसाळ्याची बंदी उठून बोटी परत पाण्यात जायच्या, त्याआधी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात हे सगळीकडेच आहे. पण रमणकडे नारळाच्या आधी प्रत्येक खलाशाने पाण्यात उडी मारायची आणि नाळेवरून सोडलेला दोर धरून, कुणाच्या मदतीशिवाय, बोटीवर चढून यायचं. तो याला दोराची सलामी म्हणतो. त्याच्या वडिलांच्या वेळी एक माणूस दोर हातात असूनही वर येऊ शकला नाही, तेव्हापासून ही रीत. जो चढला नाही तो त्या वर्षी बोटीवर नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. एका वर्षी रमणने खरोखरच भावाला किनाऱ्यावर ठेवलं होतं.

यंदा रमणकडे एक खलाशी कमी होता. त्याने जितेशला म्हटलं, बोलावणं येईपर्यंत चल बोटीवर, घरी बसून तुझा हात गंजेल. जितेश हो म्हणाला. मला त्याने सांगितलं की सलामीला तो चढू शकणार नाहीच, मग आपोआप सगळं उघड होईल, आणि ते बरंच होईल. तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपं आहे. मला ते पटलं. मी त्या दिवशी चिखल्याला गेले, दरवर्षी जात असे. भरतीची वेळ, बोट कमरेएवढ्या पाण्यात, किनाऱ्यावर बायका नव्या साड्यांत. तिघे खलाशी एकामागून एक चढले. एकाचा पाय घसरला तेव्हा पोरांनी ओरडून त्याला सांगितलं की दोर आहे तो, बायकोचा पदर नाही. मग जितेशची पाळी आली. त्याने शर्ट काढला. खांद्यावर शस्त्रक्रियेचे तीन बारीक व्रण होते, मुंगीएवढे. कुणाच्या लक्षातही आले नाहीत. तो पाण्याकडे निघाला, आणि रमणने त्याला दंडाला धरून थांबवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ह्याची काय सलामी घ्यायची? हा हात विमानात बसून आलाय."

सगळे हसले. कुसुम पदराने तोंड झाकून हसली. जितेश वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. दहा-बारा पावलांवर होता तो. माझ्या हातात पूजेचं ताट होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं... रमण, रीत मोडू नकोस, त्यालाही चढू दे. माझ्या तोंडून गुपितही फुटलं नसतं, शब्दही मोडला नसता. मी वर्गात चाळीस वर्षं बोलत आले, कुणाच्या बापाला भ्यायले नाही. त्या क्षणी मला वाटलं, सणाचा दिवस आहे, आई हसते आहे, आज नको. तो स्वतः सांगेल. मी ताटातल्या नारळाकडे पाहिलं. वर पाहिलं तेव्हा तो शर्ट घालत होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी धोडी सर फाटकाशी उभे राहिले.

दिवसकार्य झाल्यावर रमण माझ्याकडे आला. मी त्याला खुर्ची दिली, तो पायरीवर बसला. त्याच्या हातात जितेशचं संघाचं ओळखपत्र होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला त्यांची भाषा येते. त्यांना कळवा. त्याची जागा अडवून ठेवली असेल त्यांनी. म्हणावं, दुसऱ्या कुणाच्या पोराला द्या." मी म्हटलं, लिहिते. तो ओळखपत्र ठेवून गेला. मी लेटरपॅड काढलं, तारीख घातली, पत्ता घातला. पुढे एक अक्षर लिहिता आलं नाही. ज्यांनी त्याला आठ-नऊ महिन्यांपूर्वीच सोडून दिलं होतं त्यांना काय कळवायचं? दर चार दिवसांनी रमण धोडी सरांकडे विचारायचा, बाईंनी लिहिलं का, उत्तर आलं का. मला रात्री झोप नाही आणि दिवसा कुणाचं तोंड बघवत नाही, असे ते आठवडे गेले. तुमच्या आईला वाटत होतं, मला ताप आहे.

मग हे लिहून रविवारच्या पुरवणीत छापायला द्यायचं ठरवलं. रमणला इंग्रजी येत नाही, पण मराठी तो व्यवस्थित वाचतो, रविवारची पुरवणी तर ओळीन्‌ओळ वाचतो. म्हणून मराठी. मात्र बापाने हे वर्तमानपत्रातून वाचावं, इतकी मी अजून भित्री झालेली नाही. गेल्या गुरुवारी फाइल पिशवीत घालून मी चिखल्याला गेले. कुसुम ओट्यावर सुकट निवडत होती, रमण जाळं शिवत होता. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं, मग डॉक्टरांचा कागद, वाक्यामागून वाक्य, काहीही मऊ न करता. नारळी पौर्णिमेचंही सांगितलं. कुसुमचे हात सुकटीत तसेच राहिले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही तर शिकलेल्या. तुम्ही तरी..." आत गेली आणि दार लोटून घेतलं. ती मला क्षमा करणार नाही. तिने करावी असं मलाही वाटत नाही.

रमण कितीतरी वेळ जाळ्यातल्या त्याच एका गाठीवरून बोट फिरवत होता. मग त्याने विचारलं, "डावा हात चांगला होता?" मी म्हटलं, हो. खूप चांगला होत चालला होता. तो म्हणाला, "दोर मी टाकला. समुद्र मोठा होता, बोट बाजूला जात होती, एकदाच टाकायला मिळणार होता. मी मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला टाकला, बाई. त्याचा तो हात... साऱ्या गावाला माहीत होता तो हात." जाळं त्याने मांडीवरून बाजूला केलं. "डावीकडे पण टाकता आला असता."

इरा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

काल संध्याकाळी पाच वाजता फाटक वाजलं. रमण होता. दिवाळी जवळ आली म्हणून भिंतीला चुना लावायला माणूस येऊन गेला होता. मोठ्या चौकोनाचा अर्धा भाग त्याने पांढरा केला आणि उरलेल्याला मी हात लावू दिला नाही. रमणने दोन्ही चौकोन पाहिले. कुठला डाव्या हाताचा, त्याने विचारलं. मी दाखवला. तो जवळ गेला आणि विटांना पडलेले बारीक खळगे बोटांनी चाचपत राहिला, वरून खाली, मग आडवे. "हे आतले सगळे त्याचे?" हो म्हटलं. त्याने चेंडू मागितला. मी फडताळातून काढून दिला. चाळीस फुटांवरच्या फळीवर तो उभा राहिला. पासष्टीचा माणूस, लुंगी वर खोचलेली. चेंडू त्याने डाव्या हातात घेतला आणि फेकला. तो गवतात पडला. रमण जाऊन तो घेऊन आला आणि परत उभा राहिला.

मी खुर्चीवर बसले. वही समोर होती, शेवटच्या पानावर ऑगस्टमधल्या रेघा होत्या. त्याखाली मी पेन्सिलीने रेघा मारायला लागले, दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. एकही चेंडू चौकोनात गेला नाही. प्रत्येक वेळी तो स्वतः चालत जायचा, चेंडू आणायचा, फळीवर यायचा. अंधारून यायला लागलं. साठ झाले तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "पुरे, रमण."

तो चेंडू आणायला निघाला होता. त्याने ऐकलं, मान हलवली, आणि चेंडू घेऊन परत फळीवर येऊन उभा राहिला.